करवानकाचा डोळा

तणमोराचा माझ्याकडे एकच फोटो आहे, असं मी आमच्या पाखरांच्या गटावर लिहिलं. ते खोटं होतं. एकापाठोपाठ काढलेले बरेच फोटो माझ्या कॅमेऱ्यात होते, आणि त्यातल्या शेवटच्या फोटोत तो पक्षी तणमोर नाही हे स्वच्छ दिसत होतं. तो फोटो मी दाबून ठेवला. त्यापायी, ज्या माणसानं मला पाखरं बघायला शिकवलं त्याचा शब्द चारचौघांत खोटा पडला. तो खरं बोलत होता, आणि हे माहीत असलेला माणूस मी एकटाच होतो.

हे लिहिताना स्वतःची सफाई द्यायची नाही असं ठरवून बसलोय. पण मी कुठं उभा होतो एवढं सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

मी लातूरला एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवतो. आमच्या हॉलला खिडक्या होत्या, पण मुलांचं लक्ष बाहेर जातं म्हणून मालकांनी त्या प्लायवूड ठोकून बंद केल्या. सकाळच्या बॅचला जे शिकवतो तेच दुपारच्या बॅचला, तेच संध्याकाळच्या. विनोदही तेच, आणि तेही ठरलेल्या वाक्यालाच. घरी आलो की बाल्कनीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत. पक्ष्यांचा धडा मी वर्षानुवर्षं शिकवला, पोकळ हाडं, हवेच्या पिशव्या, चार कप्प्यांचं हृदय, सगळं. आणि चिमणी, कावळा, पोपट सोडले तर एक पाखरू मला नावानं ओळखता येत नव्हतं.

माझ्या मित्राचं नांदेडला बसस्टँडच्या बाजूला मेडिकलचं दुकान आहे. कॉलेजात आम्ही एका खोलीत राहायचो. चाळिशी उलटल्यावर एकदा तो लातूरला आला, माझ्या तोंडाकडं बघत राहिला आणि म्हणाला, "मास्तर, डालग्याखाली कोंडलेल्या कोंबडीवानी दिसून राहिलास तू. रविवारी चल माझ्यासंगं."

गेलो. त्यानं गळ्यात दुर्बीण अडकवली आणि तारेवर बसलेल्या एका पाखराकडं माझी मान वळवली. नीलपंख होता. तारेवर बसलेला तेव्हा मातकट, उडाला तेव्हा सगळे पंख निळे. मी तोंडानं 'अरे' एवढंच म्हणालो. त्या रविवारी आणि त्यानंतरच्या रविवारांतच मी खरा जगलो असं म्हणायला हरकत नाही. कॅमेराही त्यानंच घ्यायला लावला. "महागाचा घेऊ नको, पण बटण दाबलं की पटपट काढणारा घे. पाखरू एका फोटोपुरतं थांबत न्हाई."

नांदेड-लातूरकडच्या हौशी लोकांचा मोबाइलवरचा गटही त्यानंच उभा केला होता. बिलोलीचे एक डॉक्टर, लातूरचा लांबलचक लेन्सवाला एक फोटोग्राफर, काही शिक्षक, बँकेतले लोक. कुणाला काय दिसलं ते टाकायचं, बाकीच्यांनी वाहवा करायची. सुप्रभात आणि देवाचे फोटो टाकले की तो काढून टाकायचा. आणि नव्या माणसाला दम द्यायचा: "काय दिसलं ते लिव्ह. काय वाटलं ते घरी बायकोला सांग." दुर्मीळ पाखराची नोंद असेल तर सगळे फोटो टाकायचे, चांगले-वाईट सगळे, आणि चार जणांनी बघितल्यावर नोंद पक्की. हा त्याचा नियम होता. गटात त्याच्या शब्दाला वजन होतं ते एवढ्याच कारणानं, की तो स्वतःच्या नोंदीही याच नियमानं खोडायचा.

आमचं गाव मुखेडच्या जवळ. शेती थोरला भाऊ बघतो. गावाबाहेर गायरानाचा माळ आहे, अर्धा गवताचा, अर्धा दगडांचा. पोळ्याच्या आधीच्या रविवारी मी तिथं एकटा होतो. मित्राच्या दुकानातला माणूस आजारी होता म्हणून त्याला निघता आलं नाही.

तणमोर हा पावसाळ्यात उंच गवतात येणारा पक्षी. आमच्या भागात पूर्वी दिसायचा असं म्हातारी माणसं सांगतात. आता कुणाला दिसला तर ती बातमीच. करवानकाचं तसं नाही. तो बारा महिने माळावर असतो, कोंबडीएवढा, लांब पायांचा, मातीच्या रंगाचा. दगडांत दगडासारखा बसतो. त्याचा डोळा मात्र मोठा आणि पिवळाजर्द, एकदा बघितला की विसरत नाही.

त्या दिवशी गवतातून काहीतरी पाठमोरं चाललं होतं. लांब मान पुढं काढलेली, पाठ मातकट, पाय गवतात लपलेले. मला तणमोर बघायचा होता, कितीतरी दिवसांपासून बघायचा होता, आणि मला तो दिसला. मी बटण दाबून धरलं. कॅमेरा तडतडला. पाखरू दगडांच्या पट्ट्याकडं गेलं आणि नाहीसं झालं. उन्हात कॅमेऱ्याच्या पडद्यावर मी पहिलाच फोटो बघितला, मोबाइलनं त्याचा फोटो काढला आणि बांधावर चढून, जिथं रेंज येते तिथून, गटावर टाकला: 'तणमोर, मादी. मुखेडजवळचा माळ.'

इथपर्यंत चूक होती. अशी चूक कुणाचीही होते. आधी मनात पाखरू ठरवायचं आणि मग ते दुर्बिणीत शोधायचं, हा आमच्या हौसेतला जुना रोग आहे.

गावात दिवसभर रेंज नव्हती. संध्याकाळी लातूरला पोचलो तर मोबाइल अभिनंदनानं भरलेला. बिलोलीच्या डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'सर, जन्माचं सार्थक!' लेन्सवाल्यानं फोन करून जागा विचारून घेतली, आणि मी फुशारकीत सांगितलीही. मग कॅमेऱ्यातलं कार्ड कॉम्प्युटरला लावलं. पहिला फोटो पाठमोरा. दुसरा, तिसरा तसेच. शेवटच्या फोटोत पाखरानं मान वळवून माझ्याकडं बघितलं होतं. पिवळाजर्द डोळा. करवानक.

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "अहो, तुमच्या पाखराचं पेपरात येणार म्हणे. तुमच्या गटातूनच कुणीतरी कळवलंय. माझ्या ताईचा फोन आला होता."

"येऊ दे," मी म्हणालो. आणि तेवढ्यात मित्राचा मेसेज आला. 'अभिनंदन, मास्तर. बाकीचे फोटो टाक, बघू.'

त्यानं मला हात दिला होता. 'चुकलं, करवानक आहे' असं मी लिहिलं असतं तर लोक घटकाभर हसले असते, चार दिवस चेष्टा झाली असती, संपलं असतं. मी लिहिलं, 'एकच मिळाला. लगेच पळाला.'

त्यानंतर सगळं माझ्याभोवती आवळत गेलं. पेपरात एका कोपऱ्यात छोटी बातमी आली. ती क्लासच्या मालकांनी कापून टेबलाच्या काचेखाली ठेवली आणि मला बोलावून घेतलं.

"सर, तुम्ही कधी बोलला न्हाईत!"

"त्यात काय बोलायचं."

"असं कसं? फिजिक्सवाल्या सरांचे फोटो तर सगळेच क्लास लावतेत. पाखरू कुणाकडंच न्हाई!"

त्या आठवड्यातच चौकात फ्लेक्स लागला. माझा चेहरा, शेजारी तो धुरकट पाठमोरा पक्षी, आणि खाली 'दुर्मीळ तणमोराचे शोधक, आमचे जीवशास्त्राचे सर! प्रवेश सुरू'. बायको स्कूटरवर मागं बसली होती. ती म्हणाली, "केस लई काळे केले तुमचे." क्लासला जायचा दुसरा रस्ता नव्हता. रोज सिग्नलला गाडी थांबायची ती नेमकी त्या फ्लेक्सखाली. एका मुलानं विचारलं, "सर, तणमोर नीटच्या परीक्षेला येतो का?" सगळा हॉल हसला, मीही हसलो. प्लायवूड लावलेल्या खिडक्यांकडं बघत हसलो.

आधी मला त्या हॉलमधून बाहेर पडायला रविवार होता. आता रविवारही गेला. रविवारी लोकांचे फोन यायचे, "सर, परत दिसला का?" आणि मला परत परत तोच तणमोर गवतात लपवावा लागायचा.

मित्र पुढच्याच रविवारी एसटीनं मुखेडला जाऊन माळावर दिवसभर फिरला होता. त्यानं गटावर सरळ लिहिलं: 'मला तिथं करवानकाची जोडी दिसली. तणमोर दिसला न्हाई. फोटो पाठमोरा आहे, त्यावरून ठरवता येत न्हाई. नोंद सध्या पक्की धरू नये.' वाक्यात माझा अपमान कुठंच नव्हता. नियमात होतं तेवढंच.

लेन्सवाल्यानं लगेच लिहिलं, 'मेडिकलवाल्यांना दिसला न्हाई म्हणून त्यांच्या पोटात दुखून राहिलंय. दुकानात गोळी असंल की पोटदुखीची!'

त्याखाली हसरे चेहरे येत गेले. कुणीतरी लिहिलं, 'गोळी उधार देऊ नका.' कुणी लिहिलं, 'सरांचं नाव झालं ते बघवंना.' सगळे आता माझ्याकडं बघून राहिलेत, मी काय करतो ते बघून राहिलेत, असं मला वाटलं. मी त्या पोटदुखीच्या विनोदावर एक हसरा चेहरा टाकला. एक बोट लावायला लागतं, दुसरं काही नाही.

थोड्या वेळानं पडद्यावर दोन ओळी आल्या. एक, गटाचा ताबा आता माझ्याकडं आहे. दुसरी, तो गटातून बाहेर पडला आहे. जाताना त्यानं गट माझ्या हवाली केला होता. रागानं केलं की त्याला खरंच दुसरं कुणी लायक वाटलं नाही, हे मला तेव्हा कळलं नाही. फोन मी केला नाही.

फोन त्यानंच केला, दोन-तीन दिवसांनी. आवाज नेहमीचा.

"मास्तर, ते दगडांच्या पट्ट्यात करवानकाची अंडी हायेत. दोन. उघड्यावर, नुसती मातीत. लोक गाड्या घेऊन माळावर फिरून राहिलेत. तू सांग त्यांना थांबायला. तुझं ऐकतील ते."

"सांगतो."

"नुसतं त्रास देऊ नका म्हणून चालणार न्हाई. तणमोराच्या आशेनं येऊन राहिलेत लोक. ती आशा हाय तवर थांबायचे न्हाईत."

मागं दुकानात कुणीतरी पट्टी मागत होतं. मग तो म्हणाला, "ठीक हाय. बघ तुला काय जमतं ते," आणि फोन ठेवला. नीट विचार केला असता तर तेव्हाच लक्षात आलं असतं की त्याला सगळं माहीत आहे.

मी गटावर लिहिलं, 'कृपया पक्ष्यांना त्रास देऊ नये.' खाली हात जोडलेली चित्रं आली. रविवारी लेन्सवाला आणि आणखी तिघं-चौघं मला घ्यायला घरी आले. नाही म्हणायला कारण सुचलं नाही. शोधणाराच येणार नाही म्हटल्यावर लोक काय म्हणतील, हीच भीती. गाडीत मधल्या सीटवर, दोघांच्या मध्ये दबून मी बसलो होतो. अख्ख्या रस्त्यात तणमोराच्या गोष्टी चालल्या होत्या आणि प्रत्येक गोष्टीला मी हुंकार देत होतो.

माळावर मी त्यांना गवताच्या अंगाला नेलं, दगडांपासून लांब. वाटलं, निदान एवढं तरी करावं. सकाळभर पायपीट झाली. निघताना लेन्सवाला गाडी वळवायला गेला. गवतात खड्डे असतील म्हणून त्यानं ती मागं दगडांच्या पट्ट्यावर घेतली. मला थांब म्हणता आलं असतं. पण का थांबू, असं त्यानं विचारलं असतं, आणि तिथं करवानकाची अंडी आहेत असं मला सांगावं लागलं असतं. म्हणजे मित्राचं बोलणं खरं आहे असं सांगावं लागलं असतं. तेवढा विचार करेपर्यंत गाडी वळून झाली.

लघवीचं निमित्त करून मी मागं गेलो. चाकाच्या चाकोरीत पिवळा ओला डाग होता, त्यात टरफलं. खडीच्या रंगाची, काळपट ठिपक्यांची. करवानक थोड्याच अंतरावर उभा होता. एरवी माणूस दिसला की मान खाली घालून पळतो. तो पळाला नाही. शेवटच्या फोटोत बघितलं होतं तसंच त्यानं माझ्याकडं बघितलं.

"सर, काय दिसलं का?" गाडीतून हाक आली.

"काही नाही," मी म्हणालो.

परतीच्या वाटेवर उदगीरजवळ चहाला थांबलो, तेव्हा त्या चौघांत बसून चहा प्यालो. तेही जमलं मला.

सोमवारी मी मालकांना सांगितलं की तो पक्षी तणमोर नव्हता, फ्लेक्स उतरवा. मला वाटलं होतं ते चिडतील. ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "सर, तुम्ही पण खामखा बेजार होता. पाखरू ते पाखरूच की! दिवाळीपर्यंत राहू द्या, पैसे दिलेत." फ्लेक्स राहिला. त्याच्याखाली मी आणखी काही दिवस थांबत राहिलो. मग एका सकाळी सगळे फोटो मोबाइलमध्ये घेतले, क्लासला कळवलं की येणार नाही आणि नांदेडची एसटी धरली.

दुकानात गर्दी होती. त्यानं मला बघितलं, काउंटरखालचं स्टूल पायानं पुढं सरकवलं आणि समोरच्या बाईंना गोळ्या समजावत राहिला. "ही जेवणाआधी, मावशी. ही जेवल्यावर. उलटं करू नका." गर्दी ओसरायची मी वाट बघितली. ती ओसरत नव्हती. शेवटी मी खिशातून मोबाइल काढून शेवटचा फोटो त्याच्यासमोर काउंटरवर धरला.

त्यानं चष्मा कपाळावर चढवून बघितलं.

"चांगला आलाय," तो म्हणाला. "डोळा एकदम शार्प."

"तुला माहीत होतं?"

"कॅमेरा कुणी घ्यायला लावला तुला? त्याचं बटण दाबलं की पाच-सहा निघतातच. एकच फोटो म्हणालास तवाच कळलं मला." एका गिऱ्हाइकाला खोकल्याची बाटली देत तो पुढं बोलला, "वाट बघून राहिलो होतो. आज न्हाई उद्या टाकशील म्हणून."

"मग बोलला का नाहीस? गटावर सांगायचं होतंस की."

"मी कसा सांगू? तुझ्या कॅमेऱ्यात काय हाय, ते तूच सांगायचं. मी सांगितलं असतं तर ते मला वाटलेलं झालं असतं."

"अंडी गेली," मी म्हणालो. "गाडीखाली. मी तिथंच होतो."

त्याचा हात बाटल्यांच्या कप्प्यात थांबला. पाठ माझ्याकडं होती. चिठ्ठी हातात घेऊन उभे असलेले एक गृहस्थ म्हणाले, "अहो, बीपीची गोळी..." तेव्हा त्यानं ती काढून दिली.

मी तिथंच स्टुलावर बसून गटावर पहिल्यापासूनचे सगळे फोटो टाकले. खाली लिहिलं: 'हा करवानक आहे. तणमोर नव्हता. हे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं आणि मी लपवलं. माझ्या मित्राची नोंद खरी होती. माळावर त्या जोडीची अंडी होती, ती आपल्या गाडीखाली फुटली. मी अडवू शकत होतो. सगळ्यांची माफी मागतो.' पाठवण्याचं बटण दाबताना बोट त्या हसऱ्या चेहऱ्याच्या वेळेपेक्षा फार जड झालं होतं. मोबाइल वाजायला लागला. मी तो उलटा ठेवला.

मोबाइल उचलून त्यानं मेसेज सावकाश वाचला, जसा तो डॉक्टरांची चिठ्ठी वाचतो तसा. मग परत काउंटरवर ठेवला.

"हे गटाचं झालं," तो म्हणाला. "माझं कुठंय?"

दुकानात अजून दोन गिऱ्हाइकं उभी होती. एक म्हातारे गृहस्थ आणि कडेवर मूल घेतलेली एक बाई. दोघं आमच्याकडंच बघत होते. मी स्टुलावरून उठलो.

"तू खरं बोलत होतास, आणि ते मला माहीत होतं," मी म्हणालो. "लोक तुला हसले तेव्हा त्यांच्यात मीही हसलो. तू अंडी वाचवायला सांगितलंस तेव्हाही मी माझंच नाव वाचवलं. चुकलो मी. मला माफ कर."